घरी तू, गॅलरीत मॅडम

"गॅलरीत पाऊल टाकलं की मी मॅडम आणि तू इंटर्न. 'अगं'-बिगं काही नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"अजून बसमध्येच आहोत आपण."

"सवय करतेय."

इंटर्न एक स्टॉप आधी उतरली आणि उरलेलं अंतर पायी आली.

मॅडम त्या आधुनिक कलेच्या गॅलरीत शिक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. शाळेची मुलं आली की त्यांना चित्रांशी, शिल्पांशी बोलतं करायचं, हे त्यांचं काम. इंटर्न कॉलेजात कलेचा इतिहास शिकत होती. सत्र संपल्यावर सहा आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करणं तिला सक्तीचं होतं. तिने अर्ज केला तो नेमका इथेच, घरात अवाक्षर न काढता. निवड संचालकांनी केली. नातं कळल्यावर ते हसले आणि "शेवटचा शेरा मी लिहीन" म्हणून मोकळे झाले. बाकी कुणाला सांगायचं नाही, हा मॅडमांचा हट्ट. एकदा वशिल्याचा शिक्का बसला की मायलेकी दोघींच्या मेहनतीवर पाणी, असं त्यांचं म्हणणं.

पहिला आठवडा इंटर्नने पेन्सिलींना टोकं करण्यात घालवला. फावल्या वेळात प्रत्येक दालनाची माहिती वहीत उतरवून घडाघडा पाठ केली. दुसऱ्या आठवड्यात तिला पहिला वर्ग मिळाला. छताला टांगलेल्या दोनशे रिकाम्या शर्टांखाली उभी राहून तिने कलाकाराचं जन्मवर्ष सांगितलं, शिक्षण सांगितलं, पुरस्कार सांगितले. चौथ्या मिनिटाला एक मुलगा जमिनीवर आडवा झाला. दोन मुली बटणं मोजायला लागल्या.

"तुम्ही जरा बाजूला थांबा," मॅडम म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "यातला एक शर्ट तुमच्या घरातल्या कुणाचा असेल, तर कुठला?"

एकदम तीस हात वर झाले.

संध्याकाळी घरी चपला काढता काढताच ठिणगी पडली.

"सगळ्यांसमोर बाजूला केलंस मला."

"मुलं कंटाळली होती. तू धडा वाचून दाखवत होतीस."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवायलाच पगार देतात मला तिथे. आधी विचारलं असतंस तर अर्जच करू दिला नसता."

"म्हणूनच नाही विचारलं."

इंटर्नने खोलीत जाऊन दार आपटलं. घरातल्या एकमेव पुरुषाने वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "दोघींच्या नाकावर सारखाच राग. मी कुणाची बाजू घेणार नाही." त्याने आजवर कधी घेतलीही नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे इंटर्नच्या वाट्याला वर्ग आला नाही. ती कागद कापायची, डिंक सांडला की पुसायची, आणि मॅडम बोलत असताना मागे उभी राहून ऐकायची. तक्रार तिने केली नाही. मॅडमांना मात्र ते मागे उभं राहणं टोचत होतं. दोनदा त्या सांगता सांगता अडखळल्या.

शेवटच्या शुक्रवारी संचालक म्हणाले, "आजची मुलं इंटर्न घेतील. बघितल्याशिवाय शेरा कसा लिहू?"

दालन होतं अंधाराचं. आत काहीच नाही, फक्त श्वासाचा आवाज. मुलं दारात ढकलाढकली करत होती. एक छोटी मात्र चौकटीला घट्ट धरून उभी राहिली.

"आत कोण आहे?"

इंटर्नला याचं पाठ केलेलं उत्तर होतं, दीड पानाचं. तिने वही मिटली आणि सरळ उंबऱ्यावर बसली.

"खरं सांगू? मलाही माहीत नाही. ऐकूया का?"

छोटी तिला खेटून बसली. बराच वेळ ऐकलं. "कुणीतरी झोपलंय."

"कशावरून?"

"माझ्या भावाला सर्दी झाली की तो असाच श्वास घेतो."

"मग आपण हळू बोलायला हवं. उठेल बिचारा."

हे कानोकानी मागे गेलं. सगळा वर्ग उंबऱ्याभोवती बसला आणि कुजबुजत सांगू लागला, कुणाच्या घरी कोण कसं झोपतं. कुणाचे आजोबा घोरतात, कुणाची मांजर घुरघुरते. थोड्या वेळाने छोटीनेच इंटर्नचं बोट धरलं आणि तिला अंधारात नेलं. मागोमाग सगळे गेले, चवड्यांवर.

मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. तीन वर्षं त्या हे दालन दाखवत होत्या. मुलं इतकी शांत त्यांनी कधी पाहिली नव्हती. संचालकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

बाहेर रांग लागली. शाळेच्या बाई हजेरी घेत होत्या, पहारेकरी दार धरून उभा होता. इंटर्न घामाघूम होऊन आली, तेव्हा मॅडमांनी पुढे होऊन तिच्या कपाळावरचे केस नकळत मागे सारले. छोटीने ते बरोब्बर टिपलं आणि मॅडमांना विचारलं,

"या तुमच्या कोण लागतात?"

पहारेकऱ्याने मान वळवली. हजेरी थांबली. इंटर्न घाईघाईने मान हलवून 'नको' म्हणत होती.

"ही माझी आई," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे."