नवी रॅम

नव्याण्णव साली हेमराजने धुळ्यात घरीच कॉम्प्युटर जोडला आणि तो ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा नाद त्याला लागला. पळवून पळवून त्यातली मेमरीची पट्टी, रॅम, कच्ची झाली. सुमनअक्काच्या, थोरल्या बहिणीच्या, टायपिंगच्या कॉम्प्युटरमधली रॅम लावून पाहिली, ती तो वेग झेलत होती. त्याने तिला न सांगता अदलाबदल केली. साध्या कामाला आपली चालेल, असं स्वतःला समजावलं.

महिन्याभरात अक्काने टायपिंग बंद केलं.

“मशीन सारखं अडकतं, लोकांचे अर्ज पुसले जातात. माझ्याच हातात खोट आहे, भाऊ.”

त्याने मान खाली घालून तिची रॅम परत बसवली. मशीन नीट चालू लागलं.

“माझ्यासाठी नवी पट्टी आणलीस?” अक्काचे डोळे भरून आले.

“हो,” तो म्हणाला.