बिननावाचं भांडं

माझ्या बायकोला, व्हर्नाला पुरल्यावर शेजारपाजाऱ्यांनी जेवण पोचवलं. मिनेसोटातल्या आमच्या गावी अशा प्रत्येक भांड्याच्या तळाला मालकाच्या नावाची पट्टी असते. मला घास गिळवत नव्हता. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही भूक परतली नाही.

आज शेजारची लोर्ना भांडी न्यायला आली, तेव्हा मी पुस्तकांच्या ढिगात बसलो होतो.

"आटप, अर्विड! पुढच्या मयताला शिजवायचं कशात? तुझ्या पुस्तकांत?"

रिकामी भांडी उलटी करून तिने नावं वाचली. शेवटचं भरलेलं होतं. ते उचलून तिने खालून पाहिलं.

"नावच नाही. आणि गरम आहे रे! कोण आलं होतं?"

"कुणीच नाही."

दाराबाहेर बर्फात तिच्या एकटीच्याच पावलांचे ठसे होते. रिकामी भांडी घेऊन ती निघून गेली.

भांड्यातल्या बटाट्यांच्या वरच्या थराचा डावा कोपरा करपला होता. तसा आमच्याच ओव्हनमध्ये करपतो, आणि व्हर्ना गेल्यापासून मी तो लावलेला नाही. निदान मला तरी तसं आठवतं.

मी थोडं बशीत घेतलं. कित्येक आठवड्यांनी भूक लागली. बशी रिकामी झाली, तेव्हा पाठीमागे लाकडी जमीन करकरली. वळलो तर व्हर्ना जाईल, असं वाटलं. म्हणून न वळताच मी बशी खांद्यावरून मागे धरली.

हातातली बशी जड झाली.