आधी घमेलं

गोजरबाईनं पहिलं घमेलं चरात ओतलं, तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. चर पुरुषभर खोल. वनखात्यानं सोमवारी मशीन लावून तो बरोबर जंगलाच्या तोंडाशी खणला होता, म्हणजे डांबरी सडकेवरून वर वाडीकडे एकही गाडी जाऊ नये.

तिच्या मागं अकरा घरांची माणसं रांगेत उभी होती. घमेली हातोहात येत होती. भाताचं खाचर बांधायला वाडी जशी पडकईला जमते, घरटी एक माणूस, तशीच आज रस्त्यावर जमली होती. खाचर निदान कुणा एकाचं असतं. हा रस्ता सगळ्यांचा होता आणि खात्याच्या कागदात मुळी नव्हताच.

सडकेवर तालिबची जीप उभी होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो ती जंगलातून वाडीपर्यंत चढवायचा आणि गोजरबाईच्या नवऱ्याला, गेणभाऊंना, डायलिसिससाठी मंचरला न्यायचा. या मंगळवारी जीप चराशी अडली. चौघांनी गेणभाऊंना झोळीत घालून दोन तास डोंगर उतरवला. मंचरला पोचेपर्यंत म्हातारा धापा टाकत होता. आज गुरुवार. उद्या पुन्हा झोळी म्हटली, तर तो वाटेतच जाईल, हे गोजरबाईला कुणी डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

दहाच्या सुमारास पुण्याहून एक रुंद टायरांची गाडी आली. त्यातून सूरज नावाचा तरुण आणि त्याचा मित्र उतरले. दोघांच्या टी-शर्टवर ‘रस्ता वाचवा’ लिहिलेलं. फोनवर सह्या गोळा करतोय, वाडीचा व्हिडिओ हवाय, म्हणाले. गोजरबाईनं आधी त्यांच्या टायरांकडे पाहिलं. पावसाळ्यात मौज म्हणून याच टायरांनी रस्त्याचा चिखल केला होता, आणि त्याच्यावर इलाज म्हणून खात्यानं सगळ्यांचीच वाट बंद केली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तिनं त्यांना वाडीचा नियम सांगितला. पडकईच्या जागी जो येईल त्यानं आधी घमेलं उचलायचं, मग आपलं काम बोलायचं. जावई आला तरी त्याला सुटका नाही. सूरज हसून म्हणाला, आम्ही फक्त शूटिंगला आलोय.

“पावणं,” गोजरबाई म्हणाली, “ह्यो खड्डा तुमच्या चाकांपायी पडलाय. उचला.”

त्यांनी उचललं. तासाभरात दोघं कोपरापर्यंत लाल मातीनं माखले आणि फोन गाडीतच राहिला.

मग मोटारसायकलवरून वनरक्षक सुदर्शन आला. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, याच डोंगरातला पोरगा, पण अंगावर खाकी होती. त्यानं काम थांबवा म्हणून सांगितलं. रांग थांबली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मग पंचनामा करावा लागेल म्हणाला आणि कोरा कागद काढला.

पंचनाम्याला दोन पंच लागतात, या भानगडीत नसलेले. सुदर्शननं इकडंतिकडं पाहिलं. अकराही घरं रांगेत. तालिब चरात उतरून धुमसानं माती ठोकत होता. शहरातले दोघं दिसले तसा सुदर्शनचा चेहरा खुलला, पण त्यांचे हात बघून पुन्हा पडला. तेवढ्यात सडकेनं एक बाई पाटी घेऊन येताना दिसली. सुदर्शन तिच्याकडे वळायच्या आत गोजरबाईनं तिला “ये गं प्रयागे” म्हणून रांगेत ओढली होती.

शेवटी तो कागद काखेत धरून गोजरबाईजवळच आला. रांगेत तिच्या शेजारची श्रेया पाणी प्यायला गेली होती, त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. तो आवाज खाली आणून म्हणाला, मावशे, मला वरून फोन आलाय, तुम्ही आज बुजवाल आणि उद्या मशीन परत येईल.

“येऊ दे,” गोजरबाई म्हणाली. “त्यांनी खणावं, आमी बुजवू. त्यांच्या मशीनला डिझेल लागतं. आमाला भाकर पुरती. बघू आधी कोण दमतंय.”

सुदर्शन यावर काही बोलणार, तर डाव्या बाजूनं घमेलं आलं. त्यानं ते घेतलं, कमरेत वळला आणि गोजरबाईच्या हातात दिलं. दुसरं आलं, तेही दिलं. मग तिसरं, चौथं. सातव्या वर्षापासून बापाच्या शेजारी उभं राहून शिकलेलं वळण ते, डोक्याला विचारून थोडंच होतं. काखेतला कागद कधी गळून पडला ते त्याला कळलंही नाही. सहाव्या घमेल्याला त्याच्या लक्षात आलं, की रांगेतलं सगळं बोलणं थांबलंय.

कुणी हसलं नाही. हसावंसं सगळ्यांनाच वाटत होतं.

गोजरबाईनं वाकून कागद उचलला आणि त्याच्यापुढं धरला. “लिवा आता, सायेब. पयलं नाव माझं घाला. शेवटचं कुणाचं घालायचं ते तुमचं तुमी ठरवा.”

सुदर्शननं कागद घेतला. त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा कोऱ्या कागदावर स्वच्छ उमटला. त्यानं तो ठसा पाहिला. मग घडी घालून त्यानं कागद खिशात ठेवला.

बारा वाजता तालिबनं जीप हळूच भरावावर घातली. पुढची चाकं पार झाली. मागचं डावं वीतभर खचलं, फिरलं, आणि जीप वर आली. बायका टाळ्या वाजवू लागल्या.

“टाळ्या कसल्या वाजवताय?” सुदर्शन म्हणाला. “डाव्या अंगाला दगड कमी पडलाय. उद्या पेशंट घिऊन उतरताना धरायचा न्हाई ह्यो भराव.”

आणि टोपी काढून त्यानं मोटारसायकलच्या आरशाला अडकवली.