काळी की पांढरी

"काळी का पांढरी, ताई?" मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्याने विचारलं.

विलिमाइनाने बादलीतली एक समुद्रकाकडी, समुद्राच्या तळाशी सरपटणारा तो जाड जीव, उचलली. हातभर लांब, जड, अंगाला वाळू चिकटलेली. बादलीत आणखी सहा होत्या.

"दोघींच्या कुशीला हे आचळांसारखे उंचवटे सारखेच," अधिकारी म्हणाला. "त्यात पांढरीही कधीकधी काळीच दिसते. सगळं गाव म्हणतं, विलिमाइनाची नजर चुकत नाही."

"काळीच आहे," चटईवरून तिचा नवरा आपेनिसा म्हणाला. परवा त्याला बोटीतून उचलून आणलं, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं. "इथल्याच खडकावरची, छातीभर पाण्यातली. मी बोटीत घसरून पडलो."

दारात बोटमालक उभा होता. तो मान खाली घालून ऐकत होता.

काळी उथळ पाण्यात सापडते. पांढरीसाठी खोल उतरावं लागतं, तोंडात हवेची नळी धरून, आणि त्या नळीला सरकारची बंदी होती. घाईने वर आलं की माणूस लुळा होतो, नाहीतर मरतो. विलिमाइनाचा भाऊ तसाच गेला होता. लग्नाआधी आपेनिसाने तिच्या आईला चर्चमध्ये वचन दिलं होतं, नळीला तोंड लावणार नाही म्हणून.

उद्या बोट पुन्हा निघणार होती. गावातले चौघे तयारच होते.

विलिमाइनाने अंगठ्याने वाळू पुसली. आचळांच्या मुळाशी फिकट डाग होते.

"पांढरी," ती म्हणाली. "सातही पांढऱ्या."

बोटमालक पायऱ्या उतरला. अधिकारी वही घेऊन त्याच्या मागे गेला. घरात दोघंच उरली.

"वाळू मीच चोळायचो," आपेनिसा छताकडे बघत म्हणाला. "रोज. तुला काळी वाटावी म्हणून. आज कसं ओळखलंस?"

"आज नाही. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"मग अडवलं का नाहीस, विली?"

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

"बादली पुढ्यात ठेवून तू माझ्याकडे बघायचास ना, घाबरून. मला वाटायचं, मला एवढा घाबरतोस, तर उद्या आपणहून थांबशील."