आईच्या गुडघ्याची परीक्षा

आईचा झिजलेला गुडघा भरवशाचा ठरला, तर आई आपल्या घरी एकटी राहायला परत जाणार होती आणि लेकीला तिची खोली मोकळी मिळणार होती. म्हणून फिजिओथेरपिस्टबाईंनी "आजी, चालताना गुडघा मध्येच दगा देतो का?" असं विचारताच लेकच म्हणाली, "छे हो, टुणटुणीत आहे ती!" आईनेही मान डोलावली.

मग बाईंनी आईला जिना चढून कठडा न धरता खाली उतरायला सांगितलं. तिसऱ्याच पायरीवर गुडघा लटपटला आणि बाईंनी तिला कसंबसं सावरलं.

"नेहमी होतं का असं, आजी?"

"नाही हो. चप्पल नवी आहे ना, सरकली," आईने लेकीकडे न बघता सांगितलं.



लेकीची मान वर होईना. जिना चढण्याआधी आईने काढून दिलेल्या चपला तिने हळूच पाठीमागे लपवल्या.