आईचं स्टूल

अप्पांच्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. आईला जाऊन पाच दिवस झाले होते आणि तेवढ्यात अप्पांनी दोन डायलिसिस चुकवले होते.

"तेराव्यापर्यंत थांब, शर्वाणी," ते धापा टाकत म्हणाले. "ते नवं मशीन अंगातल्या पाण्याबरोबर माझं दुःखही गाळून टाकेल. चाळीस वर्षं सोबत होती ती. तेरा दिवस तरी रडू दे मला."

"तेराव्यापर्यंत तुम्ही राहणार नाही, अप्पा."

"मग जुनं मशीन लावायला सांग."

"जुनी सगळी मोडीत काढली. त्यांत दुःख तसंच राहायचं, माणसं खचून डायलिसिस सोडून द्यायची ना."

शेवटी तिने त्यांना दवाखान्यात नेलंच. सुया टोचून झाल्यावर ती खाटेजवळच्या स्टुलावर टेकणार, तोच अप्पा ओरडले, "तिथे नको! तुझी आई बसायची तिथे."

शर्वाणी चार तास उभी राहिली. हळूहळू अप्पांचे हुंदके थांबले, श्वास मोकळा झाला.

"साडेतीन किलो पाणी उतरलं," सुया काढून सिस्टर म्हणाल्या.

अप्पांनी डोळे उघडले. चेहरा टवटवीत दिसत होता.

"अगं, उभी का तू?" त्यांनी हसून स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस की. रिकामंच तर आहे."