स्तंभाविना वांदोम

“आणि स्तंभ कुठं गेला?” पहिल्या रांगेतून दत्तोपंतांनी विचारलं. मच्छिंद्रच्या हातातला रिमोट घामानं निसटायला लागला.

पडद्यावर पॅरिसचा प्लास वांदोम चौक होता. म्हणजे मंडळाला त्यानं तसं सांगितलं होतं. परदेश फिरून आलेल्यानं फोटो दाखवायचे आणि मंडळानं त्याला बटाटेवडे खिलवायचे, ही कतारमधल्या दोहा शहरातल्या मराठी मंडळींची जुनी रीत. मच्छिंद्रनं तिकिटं काढायच्या आधीच कार्यक्रम जाहीर केला. मग दोह्यातला फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला आणि कंपनीनं सगळ्यांच्या रजा खलास केल्या. “खरं सांगून टाका,” नयना म्हणाली. बायकोचं ऐकायचं सोडून त्यानं तिलाच शेजारच्या लुसैलला नेलं. तिथं नुकताच मॉल उघडला होता. नाव तेच, कमानी तशाच. भर उन्हाळ्यात तिला स्वेटर घालायला लावून त्यानं फोटो काढले.

पॅरिसच्या चौकात मधोमध नेपोलियनचा उंच स्तंभ आहे आणि लुसैलला नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत पडले इतिहासाचे मास्तर.

“पाडला,” मच्छिंद्र म्हणाला. तेवढं त्यानं वाचलं होतं. “अठराशे एकाहत्तर साली. बंडखोरांनी.”

“तो पुन्हा उभारला ना!”

नयनानं डोळे मिटले. उद्यापासून बिन महमूद वस्तीतल्या प्रत्येक लिफ्टमध्ये लोक आपल्याला ‘काय, पॅरिस?’ म्हणून हाक मारणार, हे मच्छिंद्रला स्वच्छ दिसलं.

“दुरुस्तीला काढलाय,” तो पुटपुटला.

“वर्ल्डकपसाठी काय हो?” मागून रत्नागिरीच्या फजलभाईंनी विचारलं.

“हो.”

साऱ्या हॉलनं समजुतीनं माना हलवल्या. त्या वर्षी दोह्यात कुठलीही वस्तू जागेवर नसली की एवढं कारण पुरत असे. ते पॅरिसलाही पुरलं.

“यल्ला, चला, पुढचा फोटो,” दत्तोपंत म्हणाले.

वड्यांच्या टेबलापाशी मात्र त्यांनी मच्छिंद्रला कोपर धरून बाजूला घेतलं.

“सर, तुमच्या लक्षात आलंय,” मच्छिंद्र गयावया करत म्हणाला. “पण कुणाला बोलू नका.”

“अहो, एखादा अवघड प्रश्न आला की कार्यक्रम खरा वाटतो. म्हणून तर विचारला.” दत्तोपंतांनी चटणी वाढून घेतली. “गेल्या वर्षी मी याच हॉलला व्हेनिस दाखवलं. आमच्या घरापासून तीन सिग्नलवरचा मॉल. आत कालवा आहे, होड्याही आहेत.”